खुणेवरची बादली

"पण उडी पूर्ण झाली की नाही, अण्णा? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

अण्णा नाईक बुटाच्या पात्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "अजून नाही."

घारपुरे वकिलांचं डोकं तडकलं. उडी सकाळी झाली, आता उन्हं कलली, आणि हा माणूस म्हणतो अजून नाही.

घारपुऱ्यांचं अर्धं आयुष्य नाशिकच्या कोर्टात उलटतपासण्या घेण्यात गेलं आणि उरलेलं टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग बघण्यात. स्वतः कधी बर्फावर पाय ठेवला नव्हता, पण हवेतली गिरकी किती भरली हे बसल्या जागी सांगायचे. साताऱ्याची शर्वरी कणसे हिमालयातल्या या उघड्या रिंकवर शिकते, हे कळल्यापासून दर हिवाळ्यात त्यांची इथे फेरी ठरलेली. तिचे गुरू अण्णा मूळचे बेळगावकडचे. फौजेतून सुटले ते इथेच राहिले.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये घारपुरे भल्याभल्यांना ऐकवत, "बाकीच्या पोरी पाठमोऱ्या येतात आणि उडीआधी चोरून मागे बघतात. आमची शर्वरी बघत नाही. तिथेच ती वेगळी."

आज संघनिवडीची पहिली फेरी होती. शर्वरी पाठमोरी घसरत आली, बुटाचं टोक बर्फात रोवलं, हवेत तीन गिरक्या घेतल्या आणि अलगद उतरली. परीक्षकांनी लिहिलं, गिरकी अपुरी. अंगावर जाड शाली, हातात वाफाळता चहा, टेबल पार पलीकडच्या टोकाला. तिथून त्यांना म्हणे पाव गिरकी कमी दिसली.

उद्याची दुसरी फेरी शेवटची. तीही गेली, तर संघ तिच्याविना जाणार होता.

फेरी संपताच घारपुरे बर्फावर उतरले, दोनदा आपटले, आणि बुटाच्या टोकाने पडलेला खड्डा शोधून त्यावर बादली पालथी घालून बसले.

रिंकची रीत होती. ज्याची उडी, त्याने आपला खड्डा बर्फाचा चुरा आणि पाणी घालून बुजवायचा. शर्वरी पाण्याचा मग भरून घेऊन आली, तर वकिलांनी तो कठड्यावर ठेवायला लावून तिला परत पाठवलं. हा खड्डा नव्हे, पुरावा आहे. उडी कुठून सुटली ते यावरून मोजता येईल. उद्या परीक्षकांना इथे उभं करतो आणि एकेकाला सोलून काढतो.

"काका, बर्फावर बसायलाही सराव लागतो हो," शर्वरी म्हणाली. मग तिने अण्णांकडे पाहिलं.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "कुणी हात लावणार नाही. वकीलसाहेब, तुम्ही कठड्याशी या. तिला सराव करू द्या."

घारपुरे विजयी चेहऱ्याने बादली घेऊन कठड्याला आले, आणि तेव्हापासून उडी पूर्ण झाली की नाही, हेच विचारत होते. उत्तर एकच मिळत होतं, अजून नाही.

...

संगीत सुरू झालं. शर्वरीने वळणं घेतली, वेग धरला, पाठमोरी झाली. त्याच सुरावर, त्याच जागेकडे.

उडी सुटलीच नाही. ती नुसतीच पुढे घसरत गेली.

दुसऱ्यांदा सुटली, पण गिरकी हवेतच उलगडली आणि ती गुडघ्यावर आली.

"तिला उडी खड्ड्यापासून जरा बाजूला घ्यायला सांगा ना," घारपुरे म्हणाले.

"तुम्ही सांगा," अण्णा म्हणाले.

ती पुन्हा आली. या वेळी घारपुऱ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं नाही. चेहऱ्याकडे पाहिलं.

ती मागे बघत होती.

...

शर्वरी पलीकडे गुडघा चोळत उभी होती.

"अण्णा... तो खड्डा."

"हं."

"तिला बुजवायला सांगा."

"खड्डा सकाळी तिचा होता," अण्णा म्हणाले. "आता तुमचा आहे."

घारपुऱ्यांनी कठड्यावरचा पाण्याचा मग उचलला. कठडा सोडला, आणि या वेळी न पडता, वाकून, एकेक पाऊल टाकत तिथवर गेले. हातमोजा काढला. बर्फाचा चुरा दाबून बसवला, वर पाणी ओतलं, तळवा फिरवला. बोटं लाल झाली तरी फिरवत राहिले.

खूण कुठे होती, ते थोड्या वेळाने त्यांनाही सांगता आलं नसतं.

मागे पाती वाजली. शर्वरी दूर टोकाला जाऊन पाठमोरी होत होती. घारपुरे कसेबसे कठड्यापाशी परतले.

"सगळा पुरावा गेला, अण्णा," ते हळूच म्हणाले. "आता कोण सांगणार, सकाळची ती उडी पूर्ण झाली की नाही?"

अण्णांनी पात्यावरून फडकं फिरवलं.

"आता झाली."