हलकं चाक

"पण वस्ताद, हलकं बसवलं की इंजिन लगेच उसळतं, हे तर खरं ना?"

"खरं."

"मग बसवा की."

बाबालाल वस्तादांनी चहा बशीत ओतला.

कोल्हापुरातल्या त्यांच्या गॅरेजात बाकावर दोन फ्लायव्हील पडली होती. इंजिनाच्या पाठीला फिरतं ते लोखंडी चाक. एक जाडजूड, शर्वरीच्या गाडीतून नुकतंच काढलेलं. दुसरं नवंकोरं, पातळ, तिनं हौसेनं मागवलेलं. रविवारी घाटाची शर्यत होती. लेक झाल्यानंतरची तिची पहिलीच.

लेक, म्हणजे मनू, इंजिन उचलायच्या साखळीला बांधलेल्या झोळीत पेंगत होती. शर्वरी एका हातानं झोका देत होती आणि तोंडानं वस्तादांना पटवत होती. मनूच्या हिरव्या शीबद्दल वाचलं नसेल इतकं तिनं या चाकांबद्दल वाचलं होतं. दोन्हीकडे शेवटी हाती आली ती काळजीच.

"जाऊबाई म्हणतात, आई झाली की बाई जड होते. आता कसली शर्यत..."

"मंग? झालीस का जड?"

"झालेय ना. रिकामा रस्ता ओलांडतानाही चारदा बघते. म्हटलं, निदान गाडी तरी हलकी करू." तिनं दोन्ही हातांनी ते पातळ चाक उचलून त्यांच्यापुढे धरलं. "बघा तरी. मनूपेक्षा हलकं आहे."

"बगितलं. झोका कोण देतंय?"

तिनं दचकून मागं पाहिलं.

झोळी आपली येत होती, जात होती. आत मनू गाढ झोपलेली.

वस्तादांनी बशी ठेवली. हात पुसले. मनूला अलगद उचलून खांद्यावर घेतलं.

"आता दे."

शर्वरीनं रिकाम्या झोळीला झोका दिला. झोळी फडफडली, स्वतःभोवती पिळली आणि लोंबकळत राहिली.

तिनं पुन्हा दिला. पुन्हा तेच.

"पण तुम्ही तर हलकंच बसवून घाट जिंकला होतात."

"व्हय की. पार वरपतूर पाय दाबून गाडीला झोका मीच देत हुतो. दुसरं काम काय हुतं मला?"

शर्वरी झोळीकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. तिनं जाडजूड चाक पोटाशी धरून उचललं, पोर उचलावं तसं, आणि वस्तादांपुढे आणून ठेवलं.

"हेच बसवा. रविवारी जड बाईच चढू दे घाट."

पातळ चाक ती खोक्यात घालू लागली. "हे परत पाठवून देते."

"ऱ्हाऊ दे." वस्ताद मनूची पाठ थोपटत म्हणाले, "मोठी झाली की हिला बी आदी हलकंच पायजे आसंल."