धोंडोशेठांनी झाकून ठेवलेलं गाव

नदीच्या वळणावर सांजवड नावाचं एक लहानसं शहर होतं. शहर म्हणायचं ते तिथल्या लोकांनीच. बाहेरचे त्याला गावच म्हणत. तिथे धोंडोशेठ नावाचे नगरशेठ होते. माणूस मनाने चांगला, पण पाहुणा येणार म्हटलं की त्यांच्या अंगातच यायचं. जावई येणार असला तर आदल्या दिवसापासून घरातल्या माणसांना ओसरीवर बसायची बंदी असे. का, तर सतरंजीला सुरकुती पडते!

सांजवडला तसं काही कमी नव्हतं. नदीला बारमाही पाणी होतं. पाण्यापर्यंत उतरायला दगडी घाट होता. बाजारतळावर चार वडांची सावली, बैलांसाठी लांबलचक हौद, गाडीवानांना मुक्कामाला धर्मशाळा, पोरांना पंतोजींची शाळा. पूर्वेला नदीकाठी भरपूर उन्हाचा मोकळा माळ होता. पण हे सगळं मागच्या माणसांनी करून ठेवलेलं, त्यामुळे सांजवडकरांना त्याचं काहीच वाटत नसे. हौद एका बाजूने गळत होता. घाटाच्या तीन पायऱ्या निखळल्या होत्या. गावात येणाऱ्या वाटेवर ओढा लागे, त्यावरची दगडी फरशी मधोमध खचली होती. "बघू पुढच्या वर्षी," असं म्हणता म्हणता दहा-बारा वर्षं सरली.

आणि मग बाजार ओस पडायला लागला. आधी तांबट मोठ्या पेठेत निघून गेले. मागोमाग सुतार गेले. बुधवारच्या बाजाराला जिथे शंभर गाड्या सुटायच्या, तिथे तीसही दिसेनात. धोंडोशेठ आपल्या दुकानात बसून समोरच्या बंद दारांकडे बघत राहायचे आणि त्यांना जेवण गोड लागायचं नाही. बाजार मोडला की सांजवडही मोडणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

अशात एक बातमी आली. चार दिवसांच्या वाटेवर रंगाऱ्यांची चाळीस घरं होती. कापड रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्यांची नदी आटली होती आणि ते नव्या जागेच्या शोधात होते. त्यांचे म्होरके तुळजोबा पुढच्या सोमवारी सांजवड बघायला येणार होते.

चाळीस घरं! धोंडोशेठांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. रंगारी आले की कापडवाले येतील, कापडवाल्यांमागे गाडीवान येतील, गाडीवानांमागे लोहार येईल. तुळजोबांनी फक्त हो म्हणावं, एवढंच त्यांनी ग्रामदेवतेजवळ मागितलं.

आणि मग शेठांच्या अंगात आलं. वेशीवर भलीमोठी कमान उभी राहिली. तिला झेंडूच्या माळा लागल्या. इथवर ठीक होतं. पण शेठ एवढ्यावर थांबतात कसले! हौदाभोवती चिखल होतो म्हणून त्यांनी हौद उपसून कोरडाठाक केला आणि आतून पुसून घेतला. बैल शेण टाकतात म्हणून गाडीवानांना बाजारतळावर यायला मनाई केली. पोरं गलका करतात म्हणून शाळेला सुट्टी दिली. धर्मशाळेला चुना फासला आणि भिंतींना कोणी पाठ टेकू नये म्हणून दाराला कुलूप लावलं. घाट घासूनपुसून काढला आणि वरच्या पायरीवर आडवा दोर बांधला.

इतक्यात ठकूबाई परटीण डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन तिथे आली.

"ठकूबाई, दोन दिवस घाटावर यायचं नाही," शेठ म्हणाले.

"का वो शेठ? घाटाला सुतक लागलं का काय?"

"मोठा पाहुणा येतोय. त्याच्या डोळ्यांसमोर ओल्या धुण्याचे पिळे आणि रिठ्याचा फेस बरा दिसतो का?"

"धुणं दिसू द्यायचं न्हाई, तर त्याला घाट कशापायी दावताय?" ठकूबाईने विचारलं.

शेठांना हा प्रश्न फारच अडाणीपणाचा वाटला. त्यांनी हातानेच तिला परत फिरायची खूण केली. ठकूबाई बडबडत, गाठोडं तसंच घेऊन घरी गेली.

सोमवारी सकाळी तुळजोबा आले. सडसडीत म्हातारा, हात मनगटापर्यंत निळे. नीळ कालवून कालवून तो रंग आता कातडीचाच झाला होता. गाडीतून उतरताच ते म्हणाले, "शेठ, आधी बैलांना पाणी दावतो. लई लांबून आल्यात." आणि बैल घेऊन ते हौदाशी गेले. हौद चकचकीत होता. त्यात पाण्याचा थेंब नव्हता.

"बैलांचं होईल हो सगळं," शेठ घाईघाईने म्हणाले, "तुम्ही आधी कमान बघा!"

तुळजोबांनी कमान बघितली. चांगली आहे म्हणाले. मग त्यांनी वडाखाली नजर टाकली. एकही गाडी नव्हती.

"हितं गाड्या सुटत न्हाईत?"

"सुटतात की. म्हणजे, आज नाहीत."

शाळेचं दार बंद होतं. तुळजोबांनी विचारलं, "पोरं कुठं गेली?"

"सुट्टी आहे."

"कशाची?"

शेठांनी विषय बदलत पुढची वाट धरली. ते धर्मशाळेकडे वळले, तर तिला कुलूप. घाटावर गेले, तर आडवा दोर. खाली नदी झुळझुळत होती आणि पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. तुळजोबांनी दोरावरून वाकून पाणी निरखून बघितलं. मग म्हणाले, "शेठ, या नदीच्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून घ्याल का?"

आता रंगाऱ्यांची ही जुनी रीत होती. जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि असल्या पाण्यात कापडावर रंगही धरत नाही. म्हणून नव्या जागी गेलं की रंगारी आधी डाळ शिजवून बघतात. शेठांना हे काय ठाऊक! ते दुखावलेच. "डाळ? अहो, तुम्हाला साधी डाळ वाढू? सांजवडची अब्रू जाईल!" असं म्हणून त्यांनी तुळजोबांना घरी नेलं, चंदनी पाटावर बसवलं, श्रीखंड-पुरी वाढली आणि वर केवड्याचा वास दिलेलं पाणी समोर ठेवलं. नदीचं पाणी काही पाहुण्याच्या जिभेला लागलं नाही.

जेवणं झाली. तुळजोबांनी हात जोडले. "पाहुणचार झकास झाला, शेठ. येतो मी."

"मग राहायला कधी येताय?"

"राग मानू नका," तुळजोबा म्हणाले, "माझ्यामागं चाळीस घरं हायेत. हौदात पाणी न्हाई, शाळंत पोरं न्हाईत, घाटावर एक बाईमाणूस न्हाई. असल्या ठिकाणी लेकरंबाळं कुणाच्या भरवशावर आणू? तुमचं गाव देखणं हाय. पन हितं कुणी राहत आसंल असं वाटत न्हाई."

ते गाडीत बसले आणि निघून गेले.

शेठ दारातच उभे राहिले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. शेजारीपाजारी गोळा झाले. एक म्हणाला, "जाऊ द्या हो, त्याला श्रीखंडाची चव कळत नाही, त्याला आपलं गाव काय कळणार?" दुसरा म्हणाला, "चूक आपली नाहीच. माणूसच विचित्र." शेठांना हे ऐकून बरं वाटलं. मान डोलवली की झालं, सगळा दोष पाहुण्याच्या माथी. त्यांनी मान डोलवायला सुरुवातही केली होती. पण समोर तो पुसून ठेवलेला कोरडा हौद होता, आणि त्याच्या काठावर गावातली एक गाय आत तोंड घालून उभी होती. शेठांना आपलीच लाज वाटली. मनापासून वाटली. ते तसेच गाडीच्या मागे धावत सुटले.

तुळजोबांची गाडी फार लांब गेलीच नव्हती. ओढ्यावरच्या खचलेल्या फरशीत तिचं चाक अडकलं होतं. शेठांनी धोतर खोचलं, चिखलात उतरले आणि चाकाला खांदा लावला. दोघांनी मिळून चाक वर काढलं. शेठांचा रेशमी अंगरखा कमरेपर्यंत चिखलाने माखला.

"तुळजोबा, मी तुम्हाला खोटं गाव दाखवलं," शेठ धापा टाकत म्हणाले. "आमचा हौद रोज भरलेला असतो, पण गळतो. घाटावर धुणं असतं, पण तीन पायऱ्या निखळल्यात. गाड्या येतात, पण ही फरशी त्यांची चाकं मोडते. जे होतं त्याची मला लाज वाटली, म्हणून झाकून ठेवलं. ते दुरुस्त करावं हे काही डोक्यात आलं नाही."

तुळजोबा सकाळपासून पहिल्यांदा हसले. "आता कसं बोललात! एक काम करा. नदीचं घागरभर पानी गाडीत ठेवा माझ्या."

शेठ स्वतः नदीवर गेले आणि खांद्यावर घागर घेऊन आले. तुळजोबा म्हणाले, "गाव बघायला परत येईन. कधी, ते मातुर सांगनार न्हाई."

झाली की नाही पंचाईत! पाहुणा येणार हे नक्की, पण कधी ते माहीत नाही. आता कमानीला रोज नव्या माळा कोण घालणार? शेठांनी त्याच दिवशी घाटावरचा दोर सोडला आणि धर्मशाळेचं कुलूप काढलं. शाळा भरली. उद्या पाहुणा आला तर, म्हणून हौदाची गळती बुजवली. परवा आला तर, म्हणून घाटाच्या पायऱ्या बसवल्या. ओढ्याच्या फरशीसाठी घरटी एक माणूस आठवडाभर राबला. ज्याला दगड उचलवत नव्हते त्याने भाकऱ्या पोचवल्या. ठकूबाई नव्या पायरीवर पहिलं धुणं आपटत म्हणाली, "शेठ, फेस चालंल न्हवं आज?" सगळा घाट हसला आणि शेठही हसले.

पहिला महिनाभर शेठ प्रत्येक गाडीत डोकावून बघत. दुसऱ्या महिन्यात फक्त बुधवारी बघत. पुढे कामं इतकी अंगवळणी पडली की बघायचंही राहून गेलं. बाजार उठला की हौद घासायचा, पाऊस उघडला की फरशीवर एक फेरी मारायची, हे आता कोणाला सांगावं लागत नव्हतं. गाडीवानांना मात्र फरक लगेच कळला. सांजवडच्या वाटेवर चाक मोडत नाही आणि बैल तहानेला राहत नाही, एवढं त्यांना पुरे होतं. तीसच्या साठ गाड्या झाल्या, साठच्या नव्वद. बैलांना नाल ठोकणाऱ्या एका नालबंदाने हौदाशेजारी पाल टाकलं. गेलेल्या सुतारांपैकी दोन घरं परत आली. शेठांना पुन्हा जेवण गोड लागू लागलं. तरी मनात एक टोचणी होतीच. तुळजोबा काही आले नव्हते.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. धोंडोशेठ घाटावर बसून पायरीच्या सांध्यात चुना भरत होते. हात पांढरे, कपाळावर घाम. वरून कोणीतरी विचारलं, "शेठ, पूर्वेचा माळ अजून मोकळा हाय का?"

शेठांनी वर बघितलं. तुळजोबा उभे होते. त्यांच्या मागे रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांत रांजण होते, कढया होत्या, बोचकी होती, आणि बोचक्यांवर म्हाताऱ्या नि पोरं बसली होती.

शेठ गडबडून उठले. "अहो, हे काय! तुम्ही आधी गाव बघायला येणार होता ना?"

"येऊन गेलो की. तीन बुधवार आलो. पानी मऊ हाय हे तर पहिल्या मुक्कामाला डाळ शिजली तवाच कळलं. मानसं कशी हायेत, ते कळायला येळ लागला."

"मग मला भेटला का नाहीत?"

"भेटलो न्हाई कसा? तिसऱ्या खेपेला मी घोंगडी पांघरून होतो, तुम्ही वळखलं न्हाई अन् माझ्यावर खेकसलात. 'ए म्हाताऱ्या, बैल धुवायचे तर खाली नदीवर ने, हौदातलं पाणी घाण करू नकोस,' म्हनालात. पाहुना हाय हे ठावं नसताना हौद जपताय म्हनल्यावर मी तवाच घरी जाऊन बायकोला सांगितलं, सामान बांधायला घे."

 शेठांचे डोळे भरून आले. चुन्याचे हात तसेच धरून ते पायऱ्या चढून वर गेले आणि गाड्यांच्या पुढे होऊन माळाची वाट दाखवू लागले.

तात्पर्य: पाहुण्यासाठी एक दिवस सजवलेलं गाव पाहुणा बघून निघून जातो, पण जे गाव आपल्याच माणसांसाठी पाणी, वाट आणि शाळा रोज नीट राखतं, तिथे धंदा-व्यापार आपल्या पायांनी चालत येतो.