मेलेल्या उस्तादांचा होकार

“गोळी खाल्लेल्या माणसानं नाही शिकवायचं, तर मग कुणी शिकवायचं उस्ताद?”

सुभेदार शेडगे जरा जोरातच बोलले. मैदानावर कवायत करणाऱ्या नव्या पोलिसांनीही माना वळवल्या.



नेवाळकर उस्तादांना या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून रिटायर होऊन जमाना झाला. पण नवा शिक्षक घ्यायचा तर प्राचार्य अजून त्यांनाच विचारतात. ते हो म्हणाले तर शेडगेंची नेमणूक. नाही म्हणाले तर नाही.

आणि शेडगेंच्या गावात अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लागला होता. फोटोत सरपंच मोठे, शेडगे छोटे.

“सीमेवर किती वर्षं होता, सुभेदार?”

“अर्धं आयुष्य.”

“घरात घुसून लढलात?”

“कित्येकदा. दार तोडायचं, आत जायचं, आतला संपवायचा. दोन श्वासांत.”

“वा,” उस्ताद म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग त्यांनी सरावाच्या घराकडे बोट दाखवलं. पत्र्याचं छप्पर, पुढे दार, मागे दार, एक खिडकी. शेडगेंच्या हातात रंगाच्या गोळ्यांची बंदूक दिली.

“आत एक जण चाकू घेऊन बसलाय. त्याच्या बायकोनं फोन केलाय. त्याला बाहेर आणा.”

“एवढंच?”

“काही विचारायचंय?”

“नाही.”

“बरं,” म्हणून उस्ताद घराच्या मागच्या बाजूला निघून गेले.

शेडगेंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग एक लाथ. दार बिजागऱ्यांसकट आत पडलं.

धाड, धाड, धाड.

दुसरा श्वास उरला.

आत स्टोव्हवर चहा उकळत होता. शेजारी पाटावर उस्ताद बसले होते. पांढऱ्या सदऱ्यावर लाल रंगाचे ठिपके, सगळे रुपयाएवढ्या जागेत.

“उस्ताद, तुम्ही?... अहो, पण हातात चाकू होता तुमच्या!”

“कांदा पण होता.”

एवढं बोलून उस्ताद आडवे झाले. डोळे मिटले.

“उठा ना.”

“मेलेला माणूस उठतो का?”

“पण मग माझं... प्राचार्यांना काय सांगू मी?”

“सांगा, उस्ताद गेले. हो म्हणायचं राहून गेलं.”

चहा उतू गेला. शेडगेंनी स्टोव्ह बंद केला.

“तिकडं सीमेवर याच्यानंतर काय करायचात?” मेलेल्या उस्तादांनी विचारलं.

“पुढची टेकडी घ्यायचो.”

“मग घ्या की.”

शेडगेंनी खिडकीतून पाहिलं. पलीकडे पोलीस लाईन. दोरीवर कपडे. एक बाई हातातली चादर पिळायची थांबून इकडेच बघत होती.

“काय हो,” तिनं ओरडून विचारलं, “कोण गेलं?”

शेडगे खिडकीपासून मागे झाले.

...

मग ते बाहेर गेले. पडलेलं दार उचलून चौकटीत उभं केलं. ते एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं वाजवायचं. बंदूक खाली ठेवावी लागली.

टक टक.

“कोण?”

“शेडगे.”

“काय काम आहे?”

...

मैदानावरची कवायत थांबली.

“वहिनींचा फोन आला होता,” शेडगे दाराबाहेरून म्हणाले. आवाज मघापेक्षा बारीक. “म्हणाल्या, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही.”

आत चाकू जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

“नवा आहेस का रे?”

“हो.”

“हात दुखतोय?”

“दुखतोय. दार जड आहे.”

“असतं.”

शेडगेंना राहवेना.

“उस्ताद... मी शिकवू शकतो की नाही?”

“सोमवारी या,” मेलेले उस्ताद म्हणाले. “येताना बिजागऱ्या आणा.”