माझ्या जीपचा तेलाचा काटा

एका गावात एक भोळा जीपवाला होता. गावाचं नाव तांबडवाडी, जीपवाल्याचं नाव सर्जेराव. भोळा हा शब्द मोठ्या माणसांचा. लहान पोरं दुसराच शब्द वापरायची आणि तो जास्त बरोबर होता. मला माहीत आहे, कारण सर्जेराव म्हणजे मीच.

तांबडवाडी डोंगरावर. एसटी पायथ्याशीच थांबते. म्हाताऱ्या माणसांना बाजाराला जायचं तर सगळा डोंगर उतरायचा आणि चढायचा. म्हणून मी एक जुनी डिझेल जीप आणली. हाकायला मला येत होतं, कारण मी ट्रॅक्टर चालवलेला. पण ट्रॅक्टरवरचे काटे माझ्या हातात यायच्या आधीच मेले होते. जीपचे काटे मात्र जिवंत होते. तिथंच घात झाला.

तालुक्याच्या नाक्यावर मुनाफभाई मिस्त्रींचं गॅरेज आहे. जीप त्यांनीच दुरुस्त करून दिली. मला सीटवर बसवलं आणि एकेका काट्यावर बोट ठेवलं.

"सर्जा, हा डिझेलचा. आणि हा इंजिनाच्या तेलाचा. ह्याच्यावर डोळा ठेव. हा शून्यावर दिसला की गाडी एक पाऊलसुद्धा पुढं न्यायची नाही."

"अर्धं पाऊल?"

मुनाफभाईंनी माझ्याकडं बघितलं. पुढं ते बऱ्याचदा तसंच बघणार होते.

गाडी त्यांनीच चालू करून दिली, मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी बाजार. माणसं बसली, पाट्या बसल्या, कोंबड्या बसल्या. मी किल्ली जराशी फिरवली. समोर लाल दिवा लागला. तेलाचा काटा शून्यावर.

मी हात मांडीवर ठेवले आणि बसलो. सगळेच बसले. ऊन वर आलं. कोंबड्या ओरडून ओरडून गप्प झाल्या. शेवटी हौसाआत्यानं विचारलं, "सर्जा, कशाची वाट बघतोयस रं?"

"काटा वर यायची."

"मग तो कवा यायचा?"

"गाडी चालू झाल्यावर येत असंल."

"मग चालू कर की."

"काटा शून्यावर असताना कशी करू, आत्या?"

हौसाआत्यानं खूप विचार केला. तिलाही ह्यात काही चूक सापडली नाही. ती कोंबडी काखेत मारून चालत डोंगर उतरली. तिच्यामागं सगळेच उतरले.

माझी बायको शालन अंगणातून हे बघत होती. तिनं मुनाफभाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"अरे बाबा," मुनाफभाई म्हणाले, "तो काटा तेलाचा दाब दाखवतो. प्रेशर! इंजिन फिरलं की तेलाचा पंप फिरतो आणि पंप फिरला की प्रेशर येतं. बंद गाडीत कसलं प्रेशर? विहिरीवरची मोटार बंद ठेवून पाइपाला पाणी येतं का? काटा शून्यावर दिसला की आधी स्टार्टर मारायचा. वर येतो."

मी पक्कं केलं. काटा शून्यावर, स्टार्टर मारायचा.

संध्याकाळी त्याच माणसांना बाजारातून घेऊन परत येताना जीपला घाटात उचक्या लागल्या आणि ती थांबली. मी बघितलं. काटा शून्यावर! मी स्टार्टर मारला. काटा वर येईना. परत मारला. गाडीतली माणसं म्हणाली, मार, मार. मी मारत राहिलो. आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला, मग नुसतं टक् झालं. मग तेही बंद.

मुनाफभाई मोटारसायकलवरून आले. आत वाकून बघितलं.

"डिझेल संपलंय. बॅटरी कुणी मारली?"

"काटा शून्यावर होता, भाई. स्टार्टर मारला."

"अरे, तो डिझेलचा काटा! तो खाली आला की ओतायचं असतं. काय करायचं?"

"ओतायचं."

"मग?"

"मग काही नाही. ओतायचं."

मुनाफभाई खूश झाले. मीही झालो.

त्यानंतर एकदा सरपंचांचा कार्यक्रम होता. मी पाहुणे घेऊन भर उन्हात घाट चढून आलो आणि गाडी मांडवाच्या कडेला उभी केली. इंजिन हळूहळू डुगडुगत होतं. तेलाचा काटा, जो घाटात मधोमध होता, तो उतरत उतरत पार खाली आला.

मी डबा काढला आणि ओतलं. इंजिनाचंच तेल ओतलं, तेवढं मला कळतं. काटा हलला नाही. आणखी ओतलं. काटा तिथंच. मला वाटलं, बिचारीला किती दिवसांची तहान असेल. सगळा डबा रिकामा केला आणि बघू या म्हणून ॲक्सिलरेटर दाबला.

मागून निळा धूर निघाला. तो मांडवात गेला आणि बाहेर यायला तयार होईना. सरपंच तेव्हा स्वच्छतेवर बोलत होते. आधी आवाज ऐकू येत होता पण सरपंच दिसत नव्हते. मग आवाजही खोकल्यात बुडाला. पाहुण्यांचा सत्कार चाचपडत झाला आणि हार वाढप्याच्या गळ्यात पडला.

मुनाफभाईंनी जादा तेल खालून काढून टाकलं. मग म्हणाले, "सर्जा, तेल किती आहे हे तो काटा सांगतच नाही. त्याला ही पट्टी आहे, बाहेर काढून बघायची. काटा सांगतो प्रेशर. इंजिन गार असलं की तेल काकवीसारखं घट्ट, म्हणून काटा उंच. इंजिन तापलं की तेल पातळ, त्यात गाडी उभी, मग काटा उतरणारच. त्यात बिघाड काही नाही."

"म्हणजे काटा खोटं बोलतो?"

"खोटं नाही रे बोलत. आपण विचारतो एक, तो सांगतो भलतंच."

मी पक्कं केलं. काटा उंच म्हणजे इंजिन गार.

पुढच्याच आठवड्यात काटा एकदम वरच्या टोकाला जाऊन बसला आणि हलेना. घाट चढलो, तरी वर. उतरलो, तरी वर. मी घाबरलो. इतकं गार इंजिन मी कधी बघितलं नव्हतं. घरी आल्यावर बॉनेटला हात लावला. चटका बसला. म्हणजे बॉनेट गरम होतं, पण इंजिन गार होतं. काटा सांगत होता ना.

मी घरातून शालनची वाकळ आणली आणि बॉनेटवर नीट पांघरली. इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे ऊब धरेल.

शालन बाहेर आली. "अवो, माझी वाकळ कुठाय?"

"जीपला थंडी वाजतेय."

"आणि हा वास कशाचा येतोय?"

वास वाकळेचा होता.

मुनाफभाईंनी बॉनेट उघडलं आणि लगेच हसले. इंजिनाजवळ एक बारीक तार लोंबत होती. "ही बघ. काट्याची तार निघालीय. ह्या गाडीत तार निघाली की काटा वर जाऊन बसतो. इंजिनात काय चाललंय ते त्याला ठाऊकच नसतं." त्यांनी तार परत बसवली. काटा शहाण्यासारखा मधे आला. "काटा वेडंवाकडं दाखवायला लागला की आधी तार बघ."

मी पक्कं केलं. तार काढली की काटा वर. घातली की खाली. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग माझ्या मेव्हणीचं, वैजंताचं लग्न निघालं. नवरदेव घाटापलीकडचा. तो माझ्या जीपमधून आणायचा असं मी जाहीर केलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा म्हणाले, "जावईबापू, जीप राहू द्या की. बस सांगितली तर?"

"मामा, घरची जीप असताना बस? लोक काय म्हणतील?"

मामांनी मान डोलावली. त्यांचा स्वभाव गरीब. लग्नाच्या धावपळीत ते कित्येक रात्री धड झोपले नव्हते. मला नाही म्हणायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

नवरदेव बाशिंग बांधून माझ्याशेजारी बसला. मागं त्याचे काका आणि दाटीवाटीनं वऱ्हाड. ओढा ओलांडताना खालून ठण्ण असा आवाज आला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"दगड लागला."

"कशाला?"

"गाडीला."

पुढं चढ लागला आणि तेलाचा काटा खाली यायला लागला. शून्यावर आला. चढावर, इंजिन जोरात असताना, शून्य! वेडंवाकडं म्हणतात ते हेच. मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि तार बघितली. तार घट्ट होती. मुनाफभाईंनी बघ म्हणून सांगितलं होतं, बघून झालं. आता पुढचं मला येत होतं. मी तार उपटली.

नवरदेव आतून ओरडला, "आला! काटा वर आला!"

वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. मी हात पुसत परत सीटवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी दुरुस्त केलं होतं. नवरदेव माझ्याकडं आदरानं बघत होता.

"पाव्हणं," काका मागं बघत म्हणाले, "रस्त्यावर काळी धार लागलीय बघा."

"असू दे. काटा वर आहे."

थोड्या वेळानं इंजिन खडखडायला लागलं. काका म्हणाले, आवाज येतोय. मी म्हणालो, काटा वर आहे. मग कुणी लोखंडावर घण घालावेत तसा आवाज यायला लागला. नवरदेवानं बाशिंग धरलं. शेवटी गाडीनं एक लांब किंकाळी फोडली आणि जागच्या जागी थांबली. मग आवाज नाही, हालचाल नाही. काटा मात्र वर.

नवरदेव उसाच्या ट्रॉलीत बसून मांडवात आला. मुहूर्त हुकता हुकता राहिला. वैजंता अंतरपाटामागं हार धरून उभी, हात भरून आलेले. मामांचा चेहरा पांढरा पडलेला. तरी अक्षता पडल्या, हलगी वाजली, पंगती बसल्या. मला कुणी बोललं नाही. शालनसुद्धा बोलली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

मुनाफभाई लग्नाला आले होते. ते जाऊन जीप बघून आले आणि भाताच्या कढयांमागं, जिथं मी बसलो होतो, तिथं येऊन बसले.

"दगडानं तेलाचं चेंबर फुटलं, सर्जा. सगळं तेल वाहून गेलं. इंजिन जाम. संपलं."

"पण काटा..."

"काटा शून्यावर येऊन ओरडून सांगत होता तुला! आणि तू त्याचीच तार उपटलीस."

मला रडू आलं. खोटं नाही सांगत. हौसाआत्या आता परत कोंबडी काखेत मारून डोंगर उतरणार, ते मला दिसायला लागलं. मुनाफभाईंचा आवाज मऊ झाला.

"एक शेवटचं सांगतो. पुन्हा कधी काटा शून्यावर आला, तर शंका काढायची नाही. तार चाचपायची नाही. इंजिन गेलं असं धरायचं आणि ताबडतोब सगळ्यांना थांबवायचं. ठेवशील ध्यानात?"

"ठेवीन, भाई." आणि ह्या वेळी मी खरंच ठेवलं.

तेवढ्यात शालन आली. "अवो, आमचे बाबा आत जाऊन आडवे झालेत. सिस्टर त्यांचं प्रेशर बघायला गेल्यात. जरा बघून या."

सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, त्याही लग्नाला आलेल्या. त्यांनी प्रेशर मोजलं होतं, पट्ट्यातली हवा सोडून दिली होती, ठीक आहे म्हणाल्या होत्या आणि चहा घ्यायला गेल्या होत्या. हे मला नंतर कळलं.

मी आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. मामा डोळे मिटून पडलेले. दंडाला पट्टा, पट्ट्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला गोल तबकडी. अगदी जीपमधल्यासारखी. प्रेशरचीच.

काटा शून्यावर.

मी शंका काढली नाही. नळी चाचपली नाही. बाहेर धावलो, पंगतीच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा! सगळे थांबा! मामा गेले!"

हलगी थांबली. वाढप्याच्या हातातून आमटीची बादली पडली. सासूबाईंनी हंबरडा फोडला. वैजंता हिरव्या चुड्यानिशी खांबाला टेकली. शालन मला धरून रडायला लागली, तिचा राग कुठल्या कुठं गेला. मुनाफभाईंनी टोपी काढून छातीशी धरली. सगळा मांडव रडत होता आणि सगळ्यांत मोठ्यानं मी भिंतीशी बसून रडत होतो, कारण माझ्यामुळंच त्यांनी धसका घेतला होता.

त्या गलक्यानं मामा जागे झाले. तसेच बाहेर आले, केस विस्कटलेले, दंडाला पट्टा, तबकडी लोंबतेय. पाठमोऱ्या बायका गळ्यात गळे घालून रडताना बघून बिचारे घाबरले. ते माझ्याजवळ आले, भिंतीला धरून खाली बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "कोण गेलं?"

मी डोळे पुसले. मोठ्या माणसाला अशी बातमी एकदम सांगू नये. म्हणून मी जरा जवळ सरकलो, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणालो, "मामा, तुम्ही."