दहा लाख तीन

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक वृद्ध गणिती शिकवीत असत. त्यांची एक रीत होती. विद्या पुरी होत आली की ते शिष्याला एक मोठी संख्या देत आणि म्हणत, "हिचे भाजक शोध. शोध संपला की मला येऊन सांग आणि घरी जा." तोवर शिष्याने कोणाची मदत घ्यायची नाही आणि गुरुजींनीही त्याला काही विचारायचे नाही, असा नियम होता.

एका शिष्याच्या वाट्याला दहा लाख तीन ही संख्या आली. त्याला घरी जायची घाई होती. आईची दृष्टी मंदावत चालली होती. मागे भेटायला आली तेव्हा ती म्हणाली होती, "डोळ्यांत उजेड आहे तोवर ये रे बाबा. एकदा डोळे भरून पाहू दे तुला."

धूळपाटी पुढ्यात ओढून तो भागाकाराला बसला. दोनाने भाग जाईना, तिनाने जाईना, सातानेही नाही. हजारापर्यंत पाहिले की पुरे, हे त्याला ठाऊक होते. त्यापुढचा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत भेटायलाच हवा. हजार आले. दरवेळी बाकी उरलीच होती.

दुसरा कोणी असता तर उठून गुरुजींकडे गेला असता. हा पडला भारी प्रामाणिक! सगळ्यांच्या संख्यांना भाग जातो, माझ्याच संख्येला जात नाही, म्हणजे माझाच हात कुठेतरी चुकला, असे त्याने धरून टाकले. पाटी पुसली आणि पुन्हा दोनापासून आरंभ केला. मागून आलेले शिष्य आपापले भाजक सांगून घरी गेले. त्याचे जेवण तुटले, बोलणे तुटले; भागाकार तेवढे चालू राहिले.

शेवटी गावाकडून निरोप आला. आईला आता दिसत नाही.

तो गुरुजींच्या पायांवर कोसळला. "मी नालायक आहे, गुरुजी. हजारापर्यंत एकानेही भाग जात नाही. कितीदा केलं, तरी नाही."

वृद्धाचा चेहरा उतरला. "अरे, ती मूळसंख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला भाजकच नाहीत. तेच तर उत्तर होतं! रित्या हाताने येऊन 'नाही' म्हणण्याचं धैर्य तुझ्यात आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. तू प्रत्येक भागाकार अचूक केलास आणि एकावरही विश्वास ठेवला नाहीस. आणि मी? तुला पाटी पुसताना रोज पाहत होतो. एका शब्दाने काम झालं असतं. पण नियम माझाच, तो सांभाळत बसलो."

शिष्य पायांवरून उठला. मग त्याने विचारले, "म्हणजे पहिल्याच वेळी माझं बरोबर होतं?"

"होय, बाळा."

"चुकलो असतो तर बरं झालं असतं, गुरुजी," तो म्हणाला, आणि घरच्या वाटेला लागला.

त्या दिवसापासून गुरुजी स्वतः उठून एकेका शिष्याजवळ जाऊ लागले, "काय अडलंय रे?" म्हणून विचारू लागले. फार चांगले झाले. पण त्या माउलीच्या डोळ्यांना त्याचा काय उपयोग?