राजाच्या चौकातली हरळी

एका राज्यात राजा होता, हे तर तुम्ही धरूनच चाललात. पण मंडळी, ह्या राज्यात राजापेक्षा राजाच्या चौकाचा थाट मोठा! काळ्याभोर फरशांचा चौक, इतका गुळगुळीत की वाकून बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं. तिथं बाजार भरे, तिथंच न्याय होई, आणि दुपारी पोरं लंगडी खेळत. राजा मेघवर्मा गवाक्षातून बघे. त्याची आईवेगळी लेक मंजुघोषा, दुधाचे दात पडायच्या वयाची, त्या पोरांत सगळ्यांत जास्त आरडाओरडा करी.

मग राजानं शबलाक्ष मांत्रिकाला जिंकलं आणि त्याचं रत्नभांडार लुटून आणलं. मरता मरता मांत्रिक म्हणाला, "राजा, हे धन जिथं पुरशील, तिथं वर जे उगवेल, ते तुझ्या लेकीच्या अंगात मुळं धरील."

राजा हसला. म्हणे, दगडावर काय उगवणार! त्यानं रत्नं चौकाच्या मधल्या फरशीखाली पुरली, आणि कोणी चोरील ह्या धास्तीनं चौकाला कुलूप ठोकलं. बाजार गावाबाहेर गेला, पोरं हाकलली गेली, खुद्द मंजुघोषेला मनाई झाली. किल्ली राजाच्या कमरेला. शहाणाच की नाही?

पावसाळा सरता सरता फरशांच्या फटींतून हरळी डोकावली. त्याच सकाळी मंजुघोषा म्हणाली, "आबा, माझ्या तळव्यांना काहीतरी रुततंय." राजानं पाहिलं. तळवे हिरवे झाले होते, आणि बोटांच्या बेचक्यांतून पांढरी मुळं लोंबत होती.

राजानं खुरपी घेऊन शिपाई धाडले. त्यांनी फटी खरवडायला घेतल्या, अन् इकडे पोरीनं अशी किंकाळी फोडली की राजा अनवाणी धावत सुटला. "थांबा! हात थांबवा!" दुसऱ्या दिवशी खरवडलेल्या जागी दुप्पट हरळी. मग चुलवणावर हंडे चढवले आणि उकळतं पाणी फटींत ओतलं. गवत पिवळं पडलं खरं, पण पोर तापानं फणफणली. ताप उतरला तसं गवतही हिरवं झालं. मग मीठ. गोणीच्या गोणी मीठ पसरलं, तर मंजुघोषेचे ओठ फुटले. ती पाणी मागे, आणि पाणी घशाखाली उतरेना. मिठातूनही कोंब वर आलेच, आणि हिरवेपणा तिच्या कमरेपर्यंत चढला. तिचं चालणं बंद झालं.

मेल्या मांत्रिकाला काय, तो सुटला! राजाला मात्र बसवेना की निजवेना. गवाक्षाशी जाई, आणखी कुठली फट हिरवी झाली ते बघे, परत येई, पोरीचं पांघरूण उचलून बघे. पुन्हा गवाक्ष, पुन्हा पांघरूण. ताटातला भात तसाच वाळून जाई.

"प्रधानजी, हे गळ्यापर्यंत पोचलं तर?"

प्रधानजींनी वाळलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

चौकाच्या दाराबाहेर रोज एक टिटवी ओरडे. शिपाई तिला दगड मारत. ती उडे आणि परत येऊन बसे. शेवटी राजा स्वतः गेला.

"अशुभ पाखरा, का जीव खातेस?"

टिटवी म्हणाली, "राजा, मी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणसाचं पाऊल कुठं पडतं, कुठं नाही, हे मला बघावंच लागतं. जिथं रोजची वर्दळ, तिथं हरळी धरत नाही. कुलूप काढ."

"आणि माझं धन?"

"त्याच्यावर तुझं पाऊल पडलं की ते तुझं उरणार नाही."

राजाचा हात किल्लीवर गेला आणि थबकला. "हरळीबरोबर माझी लेकच चिरडली तर?"

"ते मला ठाऊक नाही," टिटवी म्हणाली, आणि उडून गेली.

तेवढ्यात दासी धावत आली. हिरवेपणा छातीवर आला होता. राजानं कुलूप काढलं, पण घाईत किल्ली दोनदा खाली पडली.

लोक जमले, पण आत पाऊल टाकायची कोणाची छाती होईना. "या हो, कोणीतरी या!" राजा अक्षरशः रडकुंडीला आला. तेव्हा एक भाजीवाली म्हातारी टोपलीसकट आत शिरली. तिनं हरळीवर पाय ठेवला आणि राजानं डोळे मिटले.

वरून, गवाक्षातून, पोरीचा आवाज आला. राजानं कान झाकले. मग हळूच बोटं बाजूला केली, तर तो आवाज हसण्याचा होता.

"आबा, गुदगुल्या होतात!"

मग काय विचारता! गाव लोटला. पोरांनी लंगडी मांडली, बायांनी फेर धरला, हरळी पायांखाली मळून वाळून गेली. पोरीची छाती मोकळी झाली, कंबर झाली, गुडघे झाले. तळवे मात्र हिरवेच राहिले. मधल्या फरशीभोवती गवत तसंच ताठ उभं होतं. राजाचं धन तिथं, मग कोण पाय देणार?

राजानं मंजुघोषेला उचलून खाली आणलं. तिला उभं राहवेना. त्यानं मोजड्या काढल्या, तिची पावलं आपल्या पावलांवर ठेवली, तिचे दोन्ही हात धरले, आणि तान्ह्या पोराला चालवावं तसा तिला घेऊन निघाला. मधल्या फरशीपाशी त्याचा पाय अडला.

"थांबलात का, आबा?"

राजानं पाऊल टाकलं. जमिनीच्या पोटात खडखडाट झाला, विहिरीत खडी ओतावी तसा, आणि तो खोल खोल जात विरला. सगळ्या गावानं ऐकला. राजानं नाही, तो लेकीच्या तळव्यांकडे बघत होता. मुळं गळाली. तळवे गुलाबी झाले.

"झालं गं माझे बाई, झालं!" म्हणत राजा सगळ्यांदेखत रडला. तेव्हापासून त्या चौकाला पुन्हा कुलूप लागलं नाही, आणि बाजार तिथंच भरू लागला.

"उतर आता," डोळे पुसत राजा म्हणाला. "तुझे पाय बरे झाले."

मंजुघोषा उतरली नाही. तिनं त्याचे हात घट्ट धरले.

"अजून एक फेरी, आबा."