कपाटातली हिरवाक्का

काचेच्या टाकीतले मासे भांडण्यापुरतं तरी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. मालवणात दातांच्या एका दवाखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्या खालच्या कपाटातल्या दिवा लावलेल्या छोट्या टाकीत हिरवाक्का नावाचं समुद्री शेवाळ राहायचं. वरचं घाण पाणी नळीने तिच्याकडे उतरायचं. त्यातली घाण खाऊन ती वाढायची आणि निवळलेलं पाणी पंप वर न्यायचा.

वरचा पिवळोबा मासा मात्र नाक मुरडायचा. "त्या गचाळ बाईच्या अंगावरून आलेलं पाणी आम्ही प्यायचं?" असं म्हणत त्याने एक दिवस नळीच्या तोंडात शंख ठोकून बसवला.

खाली हिरवाक्काची उपासमार झाली. ती पांढरी पडली, तरी दगड धरून राहिली. चौथ्या दिवशी वरून पिवळोबाची हाक आली, "अक्का, पाणी नासलं हो! पोरांचा जीव गुदमरतोय!"

"मग शंख काढा," ती म्हणाली. "मी केव्हाची जेवायला बसलेय."

पिवळोबाने तोंड सोलवटेपर्यंत शंख ओढला. तो निघाला, पाणी धबाधबा खाली आलं आणि हिरवाक्काने आठ दिवस ताव मारला. ती टाकीभर फोफावली. वरचं पाणी तर असं लखलखलं, की दाढदुखीचे पेशंटही दुखणं विसरून काचेला नाक लावू लागले.

मग डॉक्टरीणबाईंनी हिरवाक्काचे मूठभर शेंडे कापून वर माशांना घातले. पिवळोबा पुढे झाला, थबकला आणि खाली बघत म्हणाला, "अक्का, घेऊ का?"

"घ्या की," अक्का हसली. "तुमचंच आहे. मी फक्त धुऊन पाठवलंय."